पेटी ४४२ वर, गिटार ४४० वर: मंचासाठी ट्यूनर निवडताना

गेल्या दिवाळीत नाशिकला, गोदाकाठापासून जवळच्या एका पटांगणात आमची दिवाळी पहाट होती. भावगीतं, थोडी नाट्यगीतं, उत्तरार्धात दोन लावण्या. साथीला पेटी, कीबोर्ड, तबला, ढोलकी, बासरी, आणि गिटारवर मी. गिटार इलेक्ट्रो-अकूस्टिक, म्हणजे लाकडी पोकळ खोक्याचीच, पण घोडीखाली पिकअप (तारांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा सेन्सर) बसवलेली. साडेपाचला पहिलं गाणं, साडेआठला भैरवी. त्या तीन तासांत माझी गिटार दोनदा बेसूर वाजली आणि एकदा वाजलीच नाही. तिन्ही वेळा कारण वेगळं होतं, आणि तिन्ही कारणं माझ्या ट्यूनरपाशी, म्हणजे तार सुरात आहे की नाही ते दाखवणाऱ्या यंत्रापाशी, येऊन थांबत होती.

त्यानंतर नवा ट्यूनर घेताना जे कळत गेलं ते सविस्तर लिहितो आहे. गिटारच्या ट्यूनरबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक रॉक बँड डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेलं असतं. आपल्या मंचावर पेटी असते, चपला खाली काढून वर चढायचं असतं आणि गाण्यागणिक पट्टी बदलते. या तीन गोष्टींनी माझी निवड ठरवली.

त्या पहाटे काय झालं

तेव्हा माझ्याकडे क्लिप-ऑन ट्यूनर होता. गिटारच्या डोक्याला चिमट्यासारखा लावायचा. आतला पिझो सेन्सर लाकडाची थरथर पकडतो आणि छोट्या पडद्यावर स्वराचं नाव आणि काटा दाखवतो. चार वर्षं मी तो घरी, शिकवणीत आणि छोट्या बैठकींत वापरत होतो आणि माझी काहीच तक्रार नव्हती.

पाच वाजता, शाल गुंडाळून, मी सहाही तारा लावून घेतल्या. सगळीकडे हिरवा दिवा. माइक तपासून होईतो लोक येऊन बसले होते, त्यामुळे सगळ्यांनी एकत्र वाजवून बघणं राहून गेलं. पहिल्या गाण्यात पेटीनं सा धरला, मी कॉर्ड छेडली आणि दोघांच्या मधे काहीतरी डोलायला लागलं. एकेकटं ऐकलं तर दोन्ही सुरात, एकत्र आले की हेलकावे. गायिकेनं एकदा मान वळवून पाहिलं. कुणाचं बिनसलंय ते तिला सांगता आलं नसतं, पण तिच्या षड्जाखालची जमीन हलत होती एवढं नक्की.

दोन गाण्यांनंतर मी पेटीवाल्या काकांकडे वाकून विचारलं, ‘काका, तुमची पेटी चढी आहे का?’

‘असेल की. मागच्या वर्षी सूर लावून आणली तेव्हा ४४२ वर लावून घेतली होती,’ काका म्हणाले. ‘आणि पेटीला काही खुंट्या नसतात रे पिळायला. तूच ये माझ्याकडे.’

माझा ट्यूनर ४४० वर होता. ‘ए’ हा स्वर, आपल्या पेटीवरची मधल्या सप्तकातली पांढरी सहा, सेकंदाला ४४० कंपनांवर लावायचा असा संकेत आहे. १९३९ साली लंडनच्या परिषदेत तो ठरला आणि पुढे आयएसओ या मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं तो मानक म्हणून स्वीकारला. पण पेटी बनवणारे आणि लावणारे सगळेच तो पाळतात असं नाही. ४४२ वर लावलेल्या पेट्या सर्रास भेटतात, जुन्या पेट्यांमध्ये तर आणखी चढ-उतार असतात. ४४० आणि ४४२ मधला फरक सुमारे ८ सेंट. सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. हे माप अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकानं एकोणिसाव्या शतकात रूढ केलं. ८ सेंट म्हणजे पेटीच्या एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतच्या अंतराचा बारावा-तेरावा हिस्सा. कागदावर किरकोळ वाटतो. पण ४४० आणि ४४२ चे दोन स्वर एकत्र धरले की सेकंदाला दोन हेलकावे स्पष्ट ऐकू येतात, आणि भावगीताच्या संथ लयीत ते लपायला जागाच नसते.

मी ट्यूनर ४४२ वर नेला आणि पुढच्या निवेदनात तारा परत लावल्या. सात-सव्वासातपर्यंत सगळं छान चाललं. मग ऊन आलं.

पहाटेच्या कार्यक्रमात वाद्यांची जी पांगापांग होते ती अनुभवल्याशिवाय कळत नाही. ऊन लागलं की गिटारच्या पोलादी तारा तापून लांबतात, ताण कमी होतो आणि सूर उतरतो. बासरीतली हवा गरम झाली की बासरी चढते. तबल्याचं चामडं दवानं सैलावलेलं असतं, ते वाळून ताणलं गेलं की दायाँही चढतो. पेटी तेवढी जवळजवळ जागच्या जागी. म्हणजे मी खाली, बासरी आणि तबला वर, काका मधोमध. तबलजी हातोडीनं दोन गट्टे ठोकून मोकळे झाले. मी क्लिप-ऑनकडे पाहिलं तर उन्हात पडदा पांढराफटक. एका हाताची सावली पडद्यावर धरावी तर खुंटी पिळायला हात उरत नाही.

कशाबशा तारा लावल्या, पण त्या लावताना टुणटुण आवाज स्पीकरमधून सगळ्या पटांगणाला ऐकू जात होता आणि निवेदिका एका दिवंगत संगीतकाराबद्दल मनापासून बोलत होती. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या दादांनी लांबून हात हलवला. म्हणून त्यानंतरच्या निवेदनात मी गिटारवरचा आवाजाचा खटका शून्यावर नेला आणि मग क्लिपवर तारा लावायला घेतल्या. क्लिपला आवाज लागत नाही, थरथर पुरते, त्यामुळे हा उपाय बरोबरच होता. पण शेजारी ढोलकीवाल्यानं लावणीसाठी ढोलकी चढवून थापा मारून बघायला सुरुवात केली होती. लाकडी मंच, त्यावर माझी खुर्ची, मांडीवर गिटार. प्रत्येक थापेला काटा उडत होता. ‘ई’ ची तार छेडली तर पडद्यावर भलतंच अक्षर. त्या गडबडीत गाणं सुरू झालं. त्या गाण्याची सुरुवात एकट्या गिटारवर होती. मी वाजवायला लागलो आणि बाहेर काहीच नाही. खटका शून्यावरच राहिला होता. कीबोर्डवाल्यानं दुसऱ्या ओळीपासून तेच सूर उचलले म्हणून निभावलं.

ते गाणं गायिकेच्या गुरूंनी चाल लावलेलं होतं आणि त्या समोर पहिल्या रांगेत बसल्या होत्या. परतीच्या प्रवासात सिन्नरच्या पुढे जाईपर्यंत मी कुणाशी धड बोललो नाही.

तालमीच्या खोलीत ढोलकी

पुण्याला आल्यावर मी जे केलं ते आधीच करायला हवं होतं. ओळखीच्यांकडून निरनिराळे ट्यूनर मागून आणले आणि तालमीच्या खोलीत, सगळे वाजवत असताना, ते वापरून पाहिले. दुकानात किंवा घरी ट्यूनर बघण्यात अर्थ नसतो. शांत खोलीत सगळेच चांगले वाटतात. दोनशे रुपयांचाही हिरवा दिवा लावतो आणि पंधरा हजारांचाही.

मोबाइलमधलं अ‍ॅप माइकवर ऐकतं, त्यामुळे तबला सुरू झाल्याबरोबर ते बाद. घरासाठी मात्र उत्तम आणि फुकट.

गिटारच्या अंगातच, वरच्या कडेला असलेल्या प्रीअँपमध्ये (पिकअपच्या सिग्नलची ताकद वाढवणाऱ्या भागात) माझ्या गिटारला ट्यूनर आहे. तो पिकअपमधून थेट ऐकतो म्हणून ढोलकीला फारसा बधत नाही. पण माझ्या गिटारवर तो चालू केल्यानं बाहेरचा आवाज बंद होत नाही आणि संदर्भाचा आकडा ४४० वरून हलवता येत नाही. काही गिटारांमध्ये या दोन्ही सोयी असतात. तुमच्या गिटारमध्ये त्या असतील आणि पडदा उन्हात दिसत असेल, तर माझ्या मते वेगळा ट्यूनर घेण्याआधी त्यालाच एकदा कार्यक्रमात संधी द्यावी.

क्लिप-ऑन दोन-तीन प्रकारचे पाहिले. एकाचा पडदा बराच ठळक होता. पण ढोलकी आणि बेस एकदम वाजले की सगळ्यांची गत एकच. दोष त्यांच्या बनावटीचा नाही. हा ट्यूनर लाकडाची थरथर ऐकतो, आणि मंचावर लाकूड एकट्या माझ्या तारांनी थरथरत नाही.

उरला पेडल ट्यूनर. गिटारची केबल त्याच्यात जाते आणि त्याच्यातून पुढे डीआय बॉक्सकडे, म्हणजे गिटारचा सिग्नल ध्वनिव्यवस्थेला जुळवून देणाऱ्या डबीकडे. पायानं दाबला की बाहेरचा आवाज बंद, दिवे चालू. परत दाबला की दिवे बंद, आवाज चालू. माझ्या नाशिकच्या दोन फजित्या या एका बटणात मिटत होत्या: निवेदनातली टुणटुण आणि विसरलेला खटका. पेडल चालू राहिलं तर पायाशी दिवे नाचत असतात, त्यामुळे विसरणं अवघड. शिवाय गिटार बदलताना किंवा केबल काढताना स्पीकरमधून जो धप्प आवाज येतो तोही टळतो. ध्वनिव्यवस्थेवाल्या दादांना हे सांगितलं तर म्हणाले, ‘आम्हाला तर तुझा ट्यूनर असला काय नि नसला काय, ते बंद करायचं बटण हवं होतं.’

ढोलकीच्या बाजूला बसून पेडलवर तारा लावल्या. घोडीखालचा पिझो पिकअपही थोडी थाप उचलतोच, त्यामुळे काटा अजिबात हलला नाही असं म्हणणार नाही. पण छेडलेल्या तारेचा आवाज त्याच्यापर्यंत इतका जास्त पोचतो की स्वराचं नाव चुकत नाही. विद्युतगिटारच्या चुंबकी पिकअपला तर हा त्रास आणखी कमी.

पेडल ही कल्पना तशी फार जुनी नाही. कॉर्गचा हातात मावणारा डब्ल्यूटी-१० हा ट्यूनर १९७५ चा. बॉसचा टीयू-१२ १९८३ मध्ये आला आणि त्याच कंपनीचा पायाखालचा टीयू-२ १९९८ मध्ये. अनेक तारा एकदम छेडून कुठली उतरलीय ते दाखवणारा टीसी इलेक्ट्रॉनिकचा पॉलीट्यून २०१० चा.

कुठलं पेडल

इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण खोक्यांवरचे आकडे मोहात पाडतात. एकावर १ सेंट अचूकता, दुसऱ्यावर अर्धा, स्ट्रोब प्रकारावर (काट्याऐवजी सरकत्या पट्ट्या दाखवणाऱ्या) ०.१. साहजिकच वाटतं की ०.१ वालाच घ्यावा. मी स्ट्रोब आठवडाभर वापरला. घरी बसून घोडीवरची इंटोनेशन जुळवायला, म्हणजे मोकळी तार आणि गिटारच्या दांडीवरच्या बाराव्या पडद्यावरचा (फ्रेटवरचा) तिचा सूर एकमेकांशी मिळतात का ते बघायला, त्याच्यासारखं साधन नाही. पण तार छेडली की पहिल्या क्षणी ती थोडी चढीच बोलते आणि मग स्थिरावते. स्ट्रोब हे सगळं दाखवतो. निवेदन संपत आलेलं असताना पडद्यावरच्या पट्ट्या मागेपुढे सरकतच राहतात आणि आपण त्यांच्यामागे खुंटी पिळत बसतो. ज्या मंचावर पेटीच ८ सेंट चढी आहे, तिथे दशांश सेंटची अचूकता माझ्या काय कामाची? १ सेंट मला पुरतो. मला हवा होता तो लांबून, उभ्यानं, उन्हात एका नजरेत कळणारा पडदा.

दुसरा मोह छोट्या आकाराच्या पेडलचा. बॅगेत सहज मावतं. पण आपण मंचावर अनवाणी असतो. छोट्या पेडलवर लोखंडी गोल बटण असतं, ते दाबायला चांगला जोर लागतो आणि बुटाशिवाय ते तळपायात रुततं. नेम चुकला तर पेडलच सतरंजीवर घसरतं. तालमीत मी अनवाणी पायानं दहा-बारा वेळा दाबून पाहिलं आणि ते बाजूला ठेवलं. रुंद पट्टीचं पेडल पायाच्या चवड्यानं हलकेच दाबलं जातं. भारतीय बैठक असेल तर तेच मांडीशेजारी ठेवून हातानंही दाबता येतं.

ट्रू बायपास (बंद पेडलमधून सिग्नल जसाच्या तसा पुढे जातो) की बफर (पेडल सिग्नलला ताकद देऊन पुढे पाठवतं), यावर गिटारवाले तासन्‌तास बोलतात. माझ्यासारख्या, गिटारमध्येच बॅटरीवरचा प्रीअँप असणाऱ्यांना याचा फारसा फरक पडत नाही, कारण सिग्नल आधीच ताकदीचा झालेला असतो. साध्या चुंबकी पिकअपची गिटार लांब केबलनं जोडणाऱ्यांना बफरचा फायदा होतो, आवाजातली चकाकी टिकते. इतकं पुरे.

ट्यूनर क्रोमॅटिक असणं मात्र अत्यावश्यक. आमच्याकडे बाईंची पट्टी काळी चार किंवा काळी पाच, बुवांची काळी एक. मी गिटारच्या पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारी पकड) लावतो आणि जी कॉर्डच्या आकारात काळी चार, ए च्या आकारात काळी पाच, सी च्या आकारात काळी एक वाजवतो. कॅपो लावला की तारा दाबल्या जाऊन किंचित चढतात, म्हणून कॅपोनंतर परत लावाव्या लागतात. त्या वेळी तारांची नावं ई-ए-डी-जी-बी-ई राहत नाहीत, प्रत्येक अर्ध्या स्वरानं वर गेलेली असते. फक्त गिटारच्या सहा तारा ओळखणारा ट्यूनर इथे गोंधळतो. क्रोमॅटिकला बाराही स्वर कळतात.

आणि शेवटी, संदर्भाचा आकडा बदलता यायला हवा. नुसतं ‘बदलता येतो’ एवढंच खोक्यावर वाचून भागत नाही. अंधारात, पुस्तिकेशिवाय, बदलता यायला हवा. काही ट्यूनर बंद केल्यावर तो आकडा लक्षात ठेवतात, काही विसरून ४४० वर येतात. आपला कुठल्या जातीचा ते माहीत नसेल तर पुढच्या कार्यक्रमात उलटी चूक होते.

हे सगळं जुळवून मी बॉस टीयू-३ घेतला. अनवाणी पायाला सोसणारी रुंद पट्टी, दिव्यांची चमक वाढवण्याची सोय, संदर्भ ४३६ ते ४४५ पर्यंत, अचूकता १ सेंट. एका कार्यक्रमाच्या मानधनात तो बसला नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, पण केबल खोचलेली राहिली की बॅटरी उतरत राहते, म्हणून कार्यक्रम संपल्यावर आधी केबल काढायची सवय लावून घेतली आहे. एक बॅटरी जास्तीची बॅगेत असतेच. अ‍ॅडॉप्टर मी टाळतो. जनरेटरवरच्या कार्यक्रमात त्यातून येणारी घुमघुम मी पुरेशी ऐकली आहे.

क्लिप-ऑनला मिळालेलं नवं काम

पेडलमध्ये एक मोठी उणीव आहे आणि ती मला तालमीत कळली. पेटीला केबल लावता येत नाही. मग पेटी ४४१ वर आहे की ४४३ वर ते पेडलला कळणार कसं? उत्तर बॅगेतच होतं. क्लिप-ऑन पेटीच्या लाकडी कडेला चिमट्यासारखा लावला आणि काकांना पांढरी सहा धरायला सांगितली. शांत खोलीत त्यानं चोख काम केलं.

त्यातही काकांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पेटीत स्वरांचे दोन संच असतील तर एकाचा खटका बंद ठेवून एकच संच मोजायचा, नाहीतर दोन पत्त्यांच्या (हवेनं वाजणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्यांच्या) मधे काटा लटकत राहतो. आणि भाता जोरात मारायचा नाही. हवेचा दाब वाढला की पत्ती किंचित उतरते, खर्जात तर जास्तच. गाताना काका जितका भाता मारतात तितकाच मारून मोजायचं. शिवाय एका पांढऱ्या सहावर थांबू नये. पेटीची प्रत्येक पत्ती स्वतंत्रपणे खरवडून लावलेली असते, त्यामुळे एक ४४२ च्या हिशोबानं बरोबर तर दुसरी दोन-तीन सेंट इकडेतिकडे. ज्या पट्टीत जास्त गाणी आहेत तिचे सा आणि प बघायचे आणि त्यावरून आकडा ठरवायचा.

आता आमचा क्रम ठरलेला आहे. विंगेत पोचलो की आधी पेटी मोजायची. तो आकडा कीबोर्डवाल्याला सांगायचा, तो आपल्या कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग तिथे नेतो. बासरीवाला फुंकून बासरी ऊबवून घेतो आणि त्या सुराशी पडताळतो. मग मी पेडलवर तोच आकडा ठेवून तारा लावतो, नेहमी खालून वर. तार चढी झाली असेल तर आधी उतरवून मग वर आणायची. वरून खाली आणलेली तार खुंटीतल्या मोकळ्या जागेमुळे दोन गाण्यांत आणखी उतरते.

पाडव्याच्या पहाटेला पुण्यात या क्रमानं पहिल्यांदा वाजवलं. ऊन आलंच, तारा उतरल्याच, पण प्रत्येक निवेदनात पायानं पेडल दाबून मी त्या परत जागेवर आणत गेलो आणि बाहेर कुणाला कळलं नाही. नाशिकला बुडालेलं ते गाणं आम्ही मुद्दाम दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. सुरुवातीचे सूर एकट्या गिटारचे, मग काकांनी पेटीवर सा धरला. मी श्वास रोखून ऐकत होतो. दोन्ही एकात एक मिसळले, मधे काही हललं नाही. गायिका डोळे मिटून उभी होती, आणि तिनं तसंच गायला सुरुवात केली.

चहाच्या वेळी काकांनी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक पांढरी चिठ्ठी चिकटवलेली दाखवली. निळ्या शाईत मोठ्या अक्षरात: ४४२. ‘पुढच्या महिन्यात साताऱ्याला मी दुसरी पेटी आणणार आहे,’ ते म्हणाले, ‘तुझा तो चिमटा आणायला विसरू नकोस.’